आमच्याकडची कॅरोल

“पप्पा, आपल्याकडे कॅरोलवाले का येत नाहीत?”

हा प्रश्न खरं तर माझा नव्हता. कोमल आणि प्रांजलने दिलेलं डेअर होतं ते. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या ओट्यावर आमच्या तरुण संघाची यादी चालली होती, नाताळच्या आधी कोणत्या संध्याकाळी कोणाच्या घरी गाणी म्हणायला जायचं त्याची. पनवेल झालं, उलवे झालं, ओवे गावातली दोन घरं झाली. कोमलने वही मिटली आणि म्हणाली, “आभाच्या घरची करंजी गोड असते की खारट, अख्ख्या मंडळीत कोणाला माहीत नाही.”

प्रांजल म्हणाली, “स्टेजवर वाघीण आहे गं ती. घरी विचारून दाखव म्हणावं.”

आता मला असं कोणी म्हणायचं म्हणजे काय! मी नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. चारशे मुलं समोर होती आणि माझा पाय एकदासुद्धा थरथरला नव्हता. तेव्हापासून मी घरात, रिक्षात, दुकानात, सगळीकडे जरा मोठ्यानेच बोलत होते. तर त्याच रात्री जेवताना मी विचारलं.

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. “जागा लहान आहे आपली.”

“प्रांजलकडे एकच खोली आहे. अर्धे जण जिन्यात उभं राहून गातात.”

“जेव आधी.”

आई म्हणाली, “विचारतेय तर सांगून टाका ना एकदाचं. लहान आहे का आता ती?”

मग पप्पांनी सांगितलं. मी तीन वर्षांची असताना आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. एकदा आठ-दहा जण प्रार्थनेला बसले होते, आणि बाहेर माणसं जमली. आत काय चालतं, कोणाला बाटवताय, असं विचारायला लागली. मारलं कोणी नाही. प्रत्येकाचं नाव लिहून घेतलं, बायबलं उलटीपालटी करून बघितली आणि गेली. आठवड्याच्या आत घरमालक म्हणाला, दुसरीकडे बघा.

“टेम्पोत तू माझ्या मांडीवर होतीस,” पप्पा म्हणाले. “सारखी विचारत होतीस, आपण फिरायला चाललोय का?”

मला कितीतरी गोष्टी एकदम कळल्या. दारावरच्या पाटीवर नुसतं ‘प्र. यो. हिवाळे’ का आहे. यो म्हणजे योहान, माझे आजोबा. सकाळच्या प्रार्थनेला आमचा पंखा डिसेंबरातसुद्धा पाचवर का फिरतो. जेवायला पाहुणा असला की आम्ही डोळे उघडे ठेवून, ताटाकडे बघत मनातल्या मनात आभार का मानतो. मला वाटायचं, सगळेच तसं करतात.

आणि हे माझे पप्पा! कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये एकोणीस वर्षं वजनकाट्यावर बसणारे. ट्रकवाल्याने किती गयावया केली तरी पावतीवर एक किलो इकडचा तिकडे करत नाहीत. एकदा मी डबा द्यायला गेले होते, तेव्हा एक व्यापारी केबिनच्या काचेवर हात आपटत होता. पप्पा म्हणाले, “शेठ, गाडी परत काट्यावर घ्या. आकडा तोच येईल.” आवाज चढवला नाही, नजर खाली घेतली नाही. मी शाळेत सगळ्यांना सांगितलं होतं, माझे पप्पा कोणाला घाबरत नाहीत.

“मी यादीत नाव घातलंय,” मी म्हणाले. “बावीस तारीख. संध्याकाळी सात.”

“विचारून घालायचं होतंस.”

“विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?”

आईला हसू आलं. पप्पांनी बोटाने ताटातलं मीठ गोळा केलं. मग म्हणाले, “बरं. सोसायटीत सांगतो मी. पंचवीस-तीस माणसं येणार म्हणजे सेक्रेटरींच्या कानावर घालायला हवं.”

मी खुर्चीवरून उडीच मारली! आईने चार दिवस करंज्या, चकल्या, शेव केली. करंजीची कड कातताना ती गाणं म्हणत होती, जुनं, तिच्या माहेरच्या चर्चमधलं. मोठ्याने. पंखा बंद होता.

बावीसला पावणेसातला बेल वाजली. मी धावत जाऊन दार उघडलं. दारात कॅरोलवाले नव्हते. सेक्रेटरी उदयसिंहकाका होते, हातात पुष्पगुच्छ घेऊन. मागे समोरच्या चारुताकाकू आणि आमच्या विंगमधले आणखी पाच-सहा जण.

“काँग्रॅच्युलेशन्स, बेटा!” काका म्हणाले. “पप्पा बोलले तुझे, वक्तृत्वात फर्स्ट आलीस म्हणून शाळेतली मुलं गाणी म्हणायला येणारेत. मी म्हटलं, मग सोसायटीने काय मागे राहायचं?”

मी पप्पांकडे बघितलं. ते खुर्च्या सरळ करत होते. सरळ असलेल्या खुर्च्या.

काकांनी कॅरोलला नाही म्हटलं असतं का, मला माहीत नाही. पप्पांनी त्यांना विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात खालून ढोलकीवर थाप पडली. पप्पा चप्पल न घालताच जिना उतरले आणि मी त्यांच्या मागे. गेटच्या आत सगळे उभे होते. लाल टोप्या, बांबूला लावलेला ताऱ्याचा कंदील, आणि पुढे काशिरामकाका, गळ्यात ढोलकी. सत्तरी उलटली तरी एक फेरी चुकवत नाहीत.

पप्पांनी हात जोडले. “काका, तारा इथंच राहू दे. टोप्या पण. आणि वर गाणं... शाळेतलं एखादं म्हणा. आजच्या दिवस सांभाळून घ्या.”

“म्हंजे?” काशिरामकाका म्हणाले.

“वर सोसायटीचे लोक आहेत.”

“प्रभाकर, तुझ्या बाप्तिस्म्याला पेटी मी वाजवली होती रे.”

“पाया पडतो काका.”

आणि पप्पा खरंच वाकले. सगळ्या पोरांच्या देखत. काशिरामकाकांनी त्यांना दंडाला धरून वर उचललं, आणि मागे वळून म्हणाले, “चला रे. काढा टोप्या. शाळेची प्रार्थना सगळ्यांना येती का?”

तारा मीटरच्या खोलीबाहेर सायकलींना टेकवून ठेवला.

वर त्यांनी शाळेची प्रार्थना म्हटली, मग देशावरचं एक गाणं. सोसायटीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काशिरामकाकांना ते शाळेतले संगीताचे सर समजले. कोमल माझ्याकडे बघत नव्हती. प्रांजल बघत होती, ते जास्त वाईट होतं.

चारुताकाकूंनी करंजी तोडली. “आशालता, अगं दिवाळीच्या उरल्यात का अजून? इतक्या खुसखुशीत?”

“परत केल्या,” आई म्हणाली. “आभाला आवडतात म्हणून.”

“आता आमची चॅम्पियन दोन शब्द बोलेल!” उदयसिंहकाका म्हणाले. “बोल बेटा. एवढे सगळे कोणासाठी आलेत ते सांग.”

सगळे माझ्याकडे वळले. बोलायचं किती सोपं होतं! एक वाक्य. चारशे जणांसमोर मी सात मिनिटं बोलले होते, इथे तर चाळीससुद्धा नव्हते. पप्पा कोपऱ्यात उभे होते. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मी बोलले असते. राग नव्हता. खाली गेटजवळ हात जोडताना ते जसे दिसत होते, तसेच दिसत होते.

“थँक्यू,” मी म्हणाले. “सगळ्यांना थँक्यू.”

काकांनी फोटो काढला. त्यात मी हसतेय, आणि हसू छान आलंय.

कॅरोलवाले निघताना घरासाठी प्रार्थना करतात, सगळ्यांच्या घरी. काशिरामकाका दारात थांबले, चौकटीवर हात ठेवला आणि डोळे उघडे ठेवूनच नुसते ओठ हलवले. चारुताकाकूंना वाटलं, ते दम खातायत. त्यांनी पाणी आणून दिलं. काका प्यायले.

जिन्यात कोमल म्हणाली, “गोड होती करंजी.” बाकी काही नाही.

सगळे गेल्यावर आई ताटल्या गोळा करायला लागली, एकीवर एक, नको तेवढा आवाज करत. पप्पा सोफ्याच्या कडेला बसले होते. फोन वाजला आणि त्यांनी तो माझ्यासमोर धरला. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो होता, खाली उदयसिंहकाकांचं कौतुक, त्याखाली टाळ्याच टाळ्या.

“बघ,” पप्पा म्हणाले. “किती लोकांनी लिहिलंय! गाणी पण झाली, आणि कोणाला काही वाटलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी पण करू आपण असंच.”

ते खूश होते. खरंच खूश होते. मला काहीतरी दिलं असं त्यांना वाटत होतं.

मी उठले आणि चपला घातल्या.

“आता कुठे?” आईने विचारलं.

“उदयसिंहकाकांकडे,” मी म्हणाले. “आज शाळेतून कोणी आलं नव्हतं, आपल्या चर्चची माणसं आली होती, हे सांगायला. मी गप्प बसले, तेही सांगणार. आणि पप्पा खोटं का बोलले असं त्यांनी विचारलं, तर भीतीने बोलले, असं सांगणार आहे. तुम्ही दोघं येऊ नका.”