टपावरची कायाक

माझा धाकटा भाऊ नितेश वेसाव्याच्या कोळीवाड्यात मुलगी मागायला गेला तो गाडीच्या टपावर कायाक बांधून. कायाक म्हणजे एका माणसाची लांबोडकी प्लास्टिकची होडी. ज्यांच्या दारासमोर पिढ्यान्‌पिढ्या होड्या उभ्या आहेत, त्यांना हा आपली नारिंगी होडी दाखवणार होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आमच्या नवऱ्यानं ते टपावर बांधलं.

मुलगी रुचिका, विक्रोळीला त्याच्याच ऑफिसात हिशेब बघते. तिचं आणि याचं जमलं होतं. तिचे वडील रामचंद्र यांच्या मासेमारीच्या दोन बोटी आहेत, आई सोनूबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. त्यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. मुलाला घेऊन या, बघू, म्हणाले होते. म्हणजे लग्न होणार की नाही ते त्या दिवशी ठरायचं होतं. आणि नितेशनं स्वतःच ठरवून टाकलं की आपण पाण्यातले नाही, हीच काय ती अडचण. असं त्याला कोणीही सांगितलं नव्हतं. पण नितेशला एखादी गोष्ट सुचली की ती जगाला पटलेलीच असते. असाच पूर्वी एक वाजवायचा ड्रम आला होता, मग तारे बघायची दुर्बीण आली. दोन्ही आता पलंगाखाली आहेत.

"हौस आहे गं त्याला," आई म्हणायची. आपला तो बाब्या. आमच्या वनमालाबाईंचा बाब्या तेहतीस वर्षांचा झाला तरी बाब्याच.

शनिवार होता. नऊला राहुकाळ लागतो, त्याआधी मुलुंडहून प्रस्थान झालंच पाहिजे, असा बाबांचा हुकूम. आमच्याकडे प्रस्थानाची एक सोय आहे. चांगल्या वेळेत माणसं वाहनात बसली आणि चाक हातभर पुढे सरकलं की निघालो असं समजायचं. मग पुढे कितीही वेळ लागो. फक्त एकदा निघालं की पोचेपर्यंत खाली उतरायचं नाही, नाहीतर काम फिसकटतं. तेव्हा नऊच्या आत आई, बाबा आणि मी मागच्या सीटवर बसलो. पुढच्या सीटवर पेढ्यांचे आणि फळांचे बॉक्स. नितेशनं गाडी हातभर पुढे घेतली, बाबांनी "झाला, निघालाव" म्हणून जाहीर केलं, आणि मग आमचा खलाशी खाली उतरून कायाक बांधायला लागला.

गाडीला टपावर कॅरिअर नाही. त्यानं दोन उशा ठेवल्या, वॉचमनच्या मदतीनं वर कायाक चढवली. तिचं नाक दोरीनं बॉनेटजवळच्या हुकाला बांधलं. मग आम्हाला म्हणाला, "मागच्या काचा खाली करा." एक रुंद पट्टा कायाकवरून टाकला, एका खिडकीतून आत घेतला, आमच्या डोक्यांवरून दुसऱ्या खिडकीतून बाहेर काढला, आणि वर बकलात घालून कर्र कर्र कर्र आवळला. बाबांच्या टकलाला तो घासत होता.

"खिडकीतून कशाला रे?" मी विचारलं.

"व्हिडिओत असंच आहे. तू गप बस ना, ताई."

व्हिडिओतल्या माणसानं दारं उघडी ठेवून पट्टा आत घेतला असणार. आमच्या शहाण्यानं बंद दारांच्या खिडक्यांतून घेतला. म्हणजे मागची दोन्ही दारं त्यानं गाडीला शिवून टाकली, आम्हा तिघांसकट. पण खाली उतरायचंच नव्हतं, त्यामुळे दाराला हात लावतो कोण?

पवईपासून पट्टा वाऱ्यानं घूं घूं करायला लागला. काचा उघड्या, धूळ आत. जोगेश्वरीला सिग्नलवर आईनं माझा हात दाबला. तिला साखर आहे, त्या गोळ्यांनी सारखं जावं लागतं.

"प्रांजल, मला जायला हवं गं."

"नितेश, कुठेतरी थांबव. आईला जायचंय."

"आता पोचतोच आहोत," नितेश म्हणाला. बाबा म्हणाले, "उतरूचा नाय हां मधे." आई गप्प बसली. ती नेहमीच गप्प बसते, त्याचंच तर हे सगळं फळ आहे.

कोळीवाड्यात गल्लीच्या तोंडाशी रामचंद्र, सोनूबाई आणि रुचिका उभे होते. आजूबाजूच्या ओट्यांवरून शेजारी बघत होते. नितेश ऐटीत उतरला, गॉगल केसांवर चढवला आणि फोटो काढायचा असल्यासारखा कायाकवर हात ठेवून उभा राहिला. बाबांनी त्यांच्या बाजूचं दार ढकललं. हललं नाही. मी माझं ढकललं. तेही नाही. पुढच्या सीटवर चढून जावं, तर आईला त्या अवस्थेत तेवढं वाकणंही शक्य नव्हतं.

"रे झिला, ह्यां काय केलंस?" बाबा आतून ओरडले.

नितेशनं बकल ओढलं. ते अडकलं होतं. त्यानं परत ओढलं, मग त्याच्याकडे रागानं बघितलं. ओट्यावरची एक बाई पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आलं असतं, पण शेजारी आई डोळे मिटून, पाय आवळून बसली होती.

रामचंद्र घरातून सुरी घेऊन आले. "काप ना रे, पट्टाच तर हाय. बाजारात दुसरा मिलंल."

"नको, नको काका! कापलं तर कायाक घसरेल. ओरखडे पडतील."

"नितेश," मी खिडकीतून म्हणाले, "आईला आता थांबवत नाहीये."

"अगं दोन मिनिटं कळ काढ म्हणावं तिला! करतोय ना मी!"

हे तो सगळ्या गल्लीसमोर बोलला. आईनं मान खाली घातली. मला त्या क्षणी त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि मधे दार होतं.

रुचिकानं वडिलांच्या हातातून सुरी घेतली. एका फटक्यात पट्टा कापला, दार उघडलं, आणि आईच्या काखेत हात घालून तिला उतरवलं. मागे कायाक तिरकी होऊन धाडकन खाली आली. नितेश "अरे! अरे!" करत तिच्याकडे धावला. होडीकडे. रुचिका आईला धरून घरात गेली, तिच्यामागे मी.

आई वेळेत पोचली की नाही ते मी सांगणार नाही. ती घरातून निघाली होती मोरपिशी पैठणीत. रुचिकानं तिला बाहेर आणलं तेव्हा ती रुचिकाच्या जांभळ्या सुती साडीत होती, आणि पैठणी मागच्या दोरीवर वाळत होती. सोनूबाईंनी काही न विचारता तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं आणि चहा दिला.

मग नितेश आत आला. हात झटकत म्हणाला, "दोनच ओरखडे आहेत. वाचली."

गप्पा झाल्या, पेढे उघडले गेले. आणि गंमत बघा, रामचंद्रांना हे ध्यान आवडलं! मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरगा हौशी हाय. आमची काय ना नाय." बाबांचा चेहरा फुलला. नितेश तर असा बसला की जणू कायाकनंच बाजी मारली.

"बाबा, माझी आहे," रुचिका म्हणाली.

"काय?"

"ना."

नितेश हसला. "ए, मस्करी नको ना यार. पट्ट्यावरून चिडलीस का? चूक होते माणसाकडून."

"होते ना. चुकीबद्दल काहीच नाही रे. तू फक्त तुझ्या आईकडे बघ."

नितेशनं आईकडे बघितलं. वरपासून खालपर्यंत, नीट, कपाळाला आठी घालून.

"अरे! ही साडी कधी घेतलीस गं?"

सोनूबाई खाली बघायला लागल्या. रुचिकाचे डोळे भरले होते. तिला तो आवडत होता, हे मला तेव्हा स्पष्ट दिसलं, आणि तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

"अगो, तू तरी सांग काय," बाबा आईला म्हणाले. आई सांभाळून घेईल, अशी त्यांची खात्री होती. कायम तिनंच घेतलं होतं.

आईनं कप खाली ठेवला. "काय सांगू? बरोबर बोलते ती. माझी मुलगी असती तर मीसुद्धा दिली नसती."

ती उठली. रुचिकाच्या गालावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कपाळाशी मोडली, पैठणी पिशवीत घेतली आणि चपला घातल्या. आम्हाला दोघांना म्हणाली, "चला. मेट्रोनं जाऊ."

नितेश धावत दारापर्यंत आला. "अगं आई, आणि मी? पट्टा तर कापला. ही कायाक मी मुलुंडला नेऊ कशी?"

"वल्हवत ये," आई म्हणाली.

तेहतीस वर्षांत ती त्याला पहिल्यांदाच तोडून बोलली होती. मी तिचा हात धरला आणि आम्ही गल्लीतून बाहेर पडलो.