कुंवाऱ्या डोहातली मुलाखत

१९८६ साली एका साप्ताहिकात मी 'वनराईचे सोबती' हे सदर चालवत असे. थोरांशी गप्पा मारायच्या आणि त्यांना शोभेल तेवढंच छापायचं, एवढंच काम.

भय्यासाहेब किबे माझे सातवे थोर. पिसांची खोटी माशी पाण्यावर नाचवून मासा पकडायचा, मोजायचा आणि परत सोडायचा, यात त्यांचं नाव विलायतेपर्यंत गेलेलं. आम्ही गेलो तो प्राणहिता नदीचा पट्टा जाळ्यांना बंद झाला, तोही त्यांच्याच शिफारशीनं.

वारलू ढिवर वाटाड्या म्हणून सोबत होता. बंदीनंतर जप्त झालेलं पहिलं जाळं त्याचंच, विश्रामगृहाच्या पडवीत पडलेलं. ते परत द्यावं, अशी चिठ्ठी भय्यासाहेबांनी लिहून खिशात ठेवली होती. मोठा मासा दाखव, चिठ्ठी घे.

"दुसरं विणून घे की," मी सुचवलं.

"बाप विणे, भाऊ. तो गेला. मले तशी गाठ येत नाई."

दोन तास माशी नाचली. माशांनी करमणूक म्हणूनसुद्धा पाहिलं नाही.

"मासा फसवायला काय लागतं?" मी मुलाखत पुढं रेटली.

"चाळीस वर्षांची तपश्चर्या," भय्यासाहेब म्हणाले आणि वारलूवर उखडले, "नदी रिकामीच केलीत की रे तुम्ही लोकांनी!"

वारलूनं त्यांच्या खिशाकडे पाहिलं. मग आम्हाला वळणापलीकडच्या डोहावर नेलं.

"हा कुंवारा डोह. इथी आज्यानं बी जाळं नाई टाकलं. नव्या धानाच्या दिवशी पहिला घास इथल्या मासोळीले, मंग आमाले."

त्यानं तीनदा पाण्यावर थाप मारली, धोतराच्या सोग्यातले मुरमुरे टाकले. गोठ्यात गाय यावी तशी हातभर लांब महसीर मासळी आली. तोंड उघडलं. भय्यासाहेबांनी त्यात माशी टाकली.

"इथी गळ नाई टाकत जी!" वारलू ओरडला.

"हळू बोल. मासे बिचकतात."

ती चाळीस मिनिटं झगडली. बाहेर काढल्यावर मी चार फोटो घेतले. पहिल्या तिन्हीत भय्यासाहेबांची टोपी तिरपी आली होती. मग त्यांनी तिला सन्मानानं पाण्यात सोडलं. ती उलटी होऊन तरंगू लागली.

वारलू छातीभर पाण्यात शिरला. तिचं तोंड धारेकडे धरून तिला हलवत राहिला. "उठ बाई, उठ ना वं." ती उठली नाही. दोन्ही हातांवर घेऊन तो काठावर आला, नेमका तेव्हाच वनरक्षक पोचला. वनरक्षकानं आधी वारलूच्या हाताकडे पाहिलं, मग भय्यासाहेबांकडे.

भय्यासाहेबांनी चिठ्ठी काढली आणि तिचे चार तुकडे केले. "बघा. सवय जात नाही."

"साहेब, तुमी होते ना," वारलू मला म्हणाला. "सांगा ना जी."

साक्षीदार मी एकटाच. मी वही उघडून शेवटचा प्रश्न विचारला, "माशांना सर्वांत मोठा धोका कोणाचा?"

भय्यासाहेबांनी बोट दाखवलं. मी ते व्यवस्थित लिहून घेतलं.

वारलूला नेलं. पुरावा संध्याकाळी विश्रामगृहावर तळून आला. काटे फार, पण चव उत्तम.

थोडा उशीर झाला खरा. आदल्या दिवशीच्या पावसानं लाकूड ओलं होतं, चूल धरेना. मग खानसाम्यानं पडवीतलं जाळं आणलं. सुताचं होतं, चटकन पेटलं. गाठी खरंच सुरेख होत्या.