सुलतानबीच्या दुकानातली कॉफी

मुरगुडात आक्काच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. पण त्याच आक्कानं अख्ख्या गावाला थाप मारली होती, की कोल्हापुरात तिच्या पित्ताशयातला खडा काढला. खडा कसला! साखर आटोक्यात येईना, गुडघे उचलेनात, म्हणून डॉक्टरांनी पोट कापून लहान केलं होतं. पावण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढणारीला फाडून खाणाऱ्या बाईनं हे सांगायचं कुठल्या तोंडानं? सून स्नेहलला तेवढं ठाऊक होतं, आणि तिलाही दम भरलेला.

दोन महिन्यांत वीस किलो उतरलं. भाकरी थापताना बांगड्या काठवटीत पडायला लागल्या, तशी आक्का सुलतानबीच्या बांगड्यांच्या दुकानात आली. तीस वर्षं चुडा तिच्याच हातचा.

सुलतानबीनं मनगट दाबून बघितलं. "आक्का, दोन-दहाच्या मापाचा हात तुजा, दोन-सहात गेला की! खड्यासंगं हाडं बी काढली काय?"

"तू बांगड्या भर, पंचायती नको."

"भरते." सुलतानबीनं आत लेकीला हाक मारली, "मेहक, आक्काला कॉफी टाक गं. जायफळ, आणि साखर तीन चमचे!"

 आक्काला डॉक्टरांनी कॉफीची परवानगी याच आठवड्यात दिलेली. तीही एवढीशी, बिनसाखरेची, घोट घोट. पण मागच्या दिवाळीत एका बाईनं इथंच कॉफी नाकारली होती, "आमी हितलं घेत न्हाय" म्हणून. तेव्हा आक्काच गरजली होती, "हिच्या हातचा चुडा चालतो, कॉफी चालत न्हाय व्हय?" आता तिनंच कप परत कसा सारायचा? तिनं तो चार घोटांत संपवला.

पंधरा मिनिटांत घाम फुटला. काळीज धडधडायला लागलं, बांगड्यांची कपाटं डोळ्यांपुढं फिरली.

"रिक्षा बोलवू?" सुलतानबी ओरडली.

"बस की गप. खडा-बिडा काय न्हवता. पोट कापलंय माजं, वाटीएवढं राहिलंय. गोड सोसत न्हाय."

"मग प्यालीस कशाला?"

"तुज्या घरची कॉफी न्हाय म्हणू व्हय मी?"

 सुलतानबी बांगड्यांच्या खोक्याचं झाकण घेऊन तिला वारा घालत राहिली. आक्काचं काळीज ठिकाणावर आलं तेव्हा म्हणाली, "येडी का काय तू! तीस वर्सं माज्या हातात हात देतीस, आणि पोट लपवतीस?"

पुढच्या आठवड्यात आक्का आली तर समोर सुपारी ठेवायची इवलीशी वाटी. पातळ दुधाची कॉफी, वर जायफळ, साखरेचा कण नाही. मेहकनं स्नेहलला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. दुसरी तसलीच वाटी सुलतानबीनं स्वतःपुढं ठेवली.

"तुला कोण म्हणालं बिनसाखरेची प्यायला?"

"एकटीनं पितीस व्हय? पी गुमान."

अर्धा तास त्या दोन वाट्या चालल्या. इतकी वर्षं साखरेखाली दबलेला जायफळाचा वास आक्काला आज कळला. गुडघे न दुखता दोन गल्ल्या चालून आलो, हेही आत्ताच ध्यानात आलं. तिनं डोळ्याला पदर लावला. "धूर लई झालाय गं तुज्यात." चूल कुठं होती? मेहकनं गॅससुद्धा केव्हाच बंद केला होता.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. "आक्का, खडा काढून लई बारीक झालासा की!"

आक्कानं वाटी खाली ठेवली.

"खडा न्हवं बाई, पोट कापून घेतलंय. ये, बस, समदं सांगते. मेहक, हिला कॉफी टाक गं, भरून!"