शार्दूलच्या उजव्या पायातला पीं-पीं

मित्रांनो, मी एक जुना पीं-पीं बूट आहे. उजव्या पायाचा. रंग निळा, वर पिवळं बदक. बदकाचा एक डोळा कधीच पडलाय, पण ते सोडा. माझ्या टाचेत एक इवलीशी शिट्टी आहे. पाऊल पडलं की पीं! उचललं की हवा आत, पडलं की परत पीं! मला थांबताच येत नाही. मी बोलतोही असाच, एका दमात. धाप लागली तर सांभाळून घ्या.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. गोणीत अंधार होता आणि माझ्या अंगावर सगळे डावे-उजवे पडलेले. मग एकदम गोणी उघडली आणि समोर लालबागचा बाजार! मसाल्याच्या दुकानांसमोर लाल मिरच्यांचे डोंगर, हवेत तो खकाणा! पहिला दिवसभर मला वाटत होतं, जग म्हणजे मिरचीच.

मला आणि माझ्या डाव्या भावाला तिथून अपूर्वाच्या बाबांनी चाळीत आणलं. अपूर्वा तेव्हा दीड वर्षांची. दुसऱ्या मजल्याची लांबच लांब गॅलरी, जमीन लाकडाच्या फळ्यांची, आणि आम्ही दोघं या टोकापासून त्या टोकापर्यंत पीं-पीं-पीं-पीं! शेजारच्या मालनकाकू दारातून ओरडायच्या, "अगं ए, त्या पोरीच्या पायातले पोपट काढ गं! माझी सिरियल बुडाली!" मला तर ती शाबासकीच वाटायची. एकदा अपूर्वाने डाव्याच्या टाचेत केसांची पिन खुपसून आत कोण बसलंय ते बघितलं. तेव्हापासून डावा मुका झाला. मी एकटाच वाजायचो.

मग तिचे पाय मोठे झाले. आम्ही एका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी माळ्यावर. वर्षं गेली. पाऊल नाही तर पीं नाही. मित्रांनो, गप्प बसणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

आणि एका नवरात्रात पिशवी सुटली! अपूर्वाची आई म्हणत होती, "घे गं अनुजा. नवे कशाला घेतेस? दोन महिन्यांत पाय वाढतो."

अनुजा दोन खोल्या पलीकडची. तिचा मुलगा शार्दूल, नुकता दोन वर्षांचा. त्याचे पाय काय सांगू तुम्हाला! गरम, गुबगुबीत, जरा चिकट. अनुजाने माझा पट्टा लावला, त्याची हनुवटी वर केली आणि म्हणाली, "आई म्हण. आ-ई."

शार्दूलने तिच्या ओठांकडे टक लावून बघितलं आणि गोड हसला. बस. तो काहीच बोलायचा नाही. आई नाही, बाबा नाही, दे नाही. रोज सकाळी ती मला त्याच्या पायात घालायची आणि रोज हेच.

"अगं, मुलगे उशिराच बोलतात," मालनकाकू म्हणायच्या. "तुझा नवरा, स्वप्नील, नव्हता का? तीन वर्षांचा होईस्तोवर तोंड उघडलं नव्हतं. आता बंद होतं का बघ!"

सगळे हसायचे. अनुजाही हसायची, पण माझा पट्टा लावताना तिची बोटं घट्ट व्हायची. ते फक्त मलाच कळायचं. तिला एकदाच ऐकायचं होतं, आई.

आता खरी गंमत ऐका. माझा पहिला पीं झाला की कुठलंही मूल काय करतं? थांबतं, खाली बघतं, खूश होतं, मग मुद्दाम नाचतं. अपूर्वा तशीच नाचली होती. शार्दूलने पाऊल टाकलं. पीं! तो सरळ पुढे चालत गेला. मी परत ओरडलो. तो गेलाच. मित्रांनो, माझा एवढा अपमान कुणीच केला नव्हता!

मला वाटलं, हा मोठा गंभीर माणूस दिसतोय. कारण ऐकू तर त्याला येतच होतं. असं सगळ्यांनाच वाटत होतं. तो पाठमोरा असला आणि अनुजाने हाक मारली की लगेच वळायचा. का वळायचा, ते सांगतो. त्यांच्या घरात हाक मारायची रीतच वेगळी होती. शार्दूलचे आजोबा, दगडूआजोबा, गिरणीत साचे खात्यात होते. तिथे शेकडो माग एकदम खडखडायचे, शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं. त्यात त्यांचे कान गेले. म्हणून त्यांना बोलवायचं तर घरात कुणीही लाकडी जमिनीवर पाय आपटायचं, धप्प! फळ्या हलायच्या, आजोबा वळायचे. इतक्या वर्षांची सवय. आपण कुणालाही हाक मारताना पाय आपटतो हे त्या घरात कुणाच्या लक्षातही नव्हतं. "शार्दू!" आणि धप्प. शार्दू वळला. मग झालं की!

आणि तो काय काय बघायचा, अहो! नवरात्रात गल्लीत गरबा होता. मोठमोठे स्पीकर. शार्दूल थेट गेला आणि स्पीकरच्या खोक्याला दोन्ही तळहात लावून उभा राहिला. डोळे एवढे मोठे! मग खोक्याला पोट लावलं, गाल लावला आणि खदाखदा हसायला लागला. माझ्याही तळव्यात गुदगुल्या! "बघ, गाणं आवडतं त्याला," स्वप्नील म्हणाला. "उगाच टेन्शन घेतेस तू."

दसऱ्याच्या पहाटे आम्ही दादरच्या फूलबाजारात गेलो. मी जमिनीवरून बघतो, हे लक्षात ठेवा. मला तर सगळी जमीनच केशरी दिसली! झेंडूचे ढीग, ढिगांमागे ढीग, पायाखाली पाकळ्यांचा चिखल. शार्दूल एका ढिगासमोर उभा राहिला, फुलवाल्या मावशीने त्याच्या डोक्यावर एक फूल ठेवलं, तर ते पडू नये म्हणून तो तसाच ताठ उभा. मागून हमाल ओरडतोय, "ए बाजू, बाजू!" हा ढिम्म. स्वप्नीलने त्याला उचललं. "बघा, फुलात किती रंगलाय," मावशी म्हणाली. मलाही तसंच वाटलं. केवढं जग आहे, आणि हा ते किती शांतपणे बघतोय!

पुढच्या रविवारी शिवाजी पार्क. ऑक्टोबरचं ऊन होतं, पण झाडांखाली छान सावली. मोठी मुलं क्रिकेट खेळत होती, एकाच मैदानात किती तरी मॅच. माझ्याखाली माती. लाकूड नाही, फळ्या नाहीत. शार्दूल चालत चालत पुढे गेला. अनुजाने हाक मारली, "शार्दू!" आणि सवयीने पाय आपटला.

माती हलली नाही. शार्दूल वळला नाही.

"शार्दू!" ती ओरडली. बाकावरचे दोन म्हातारे वळले. भेळवाला वळला. शार्दूल चालतच होता. तेवढ्यात कुणीतरी चेंडू जोरात मारला आणि चहूबाजूंनी एकच ओरडा झाला, "बॉल! बॉल! ए बाळा!" मीही ओरडत होतो हो, पीं-पीं-पीं, माझ्याकडे तेवढंच आहे. चेंडू त्याच्या कानाजवळून गेला आणि पुढे टप्पा पडला. तेव्हा त्याला तो दिसला, आणि तो टाळ्या पिटत त्याच्यामागे पळाला.

अनुजा धावत आली. तिने त्याला उचललं नाही. त्याच्या मागे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "शार्दू." मग जरा मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. तो चेंडूकडे बघत होता.

घरी आल्यावर तिने स्वप्नीलला दार लावायला सांगितलं. चाळीत दिवसाढवळ्या दार लागलं म्हणजे काहीतरी झालंय. शार्दूल लोखंडी खाटेवर गादीवर बसला होता, आजोबांची बोटं एकेक करून ओढत. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. अनुजाने त्याच्या पायातून मला काढलं, त्याच्या पाठीमागे गेली आणि मला हातात दाबलं.

पीं!

मी इतका जीव तोडून आयुष्यात वाजलो नव्हतो. शार्दूल आजोबांचा अंगठा ओढत राहिला.

"दे इकडे," स्वप्नील म्हणाला. त्याचा हात घामाने ओला होता. पीं! पीं! पीं! बाहेरून मालनकाकू ओरडल्या, "अरे, काय चाललंय काय आत!" भिंतीपलीकडे मी ऐकू गेलो होतो. हातभर अंतरावर नाही.

मग अनुजाने त्याला जमिनीवर उभं केलं, त्याच्या मागे गेली आणि तोंडातून एक शब्द न काढता फक्त पाय आपटला. धप्प.

शार्दूल वळला. छान हसला.

दगडूआजोबांना ऐकू आलं नव्हतं, पण ते सगळं बघत होते. सुनेच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "माझोच रोग लागलो काय गो त्येका?"

अनुजा त्यांच्यासमोर बसली, त्यांना ओठ दिसतील असं. "नाही हो बाबा. असा लागतो का रोग?" आणि मग तिला रडू आलं. मी तिच्या मांडीवर होतो. माझ्या बदकावर पाणी पडलं.

पुढचे दिवस दवाखान्यांचे. शार्दूलला झोपवून त्याच्या डोक्याला वायरी लावल्या, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, थोडं ऐकू येतं, पण फार थोडं. कानाला मशीन लावू. बोलेल का? आत्ताच सांगता येणार नाही. लवकर लक्षात आलं हे बरं झालं, एवढं म्हणाले.

मध्ये दिवाळी आली. संध्याकाळी गॅलरीभर कंदील लागले. खाली बॉम्ब फुटला की सगळी पोरं कानांवर हात ठेवायची, आणि शार्दूल त्यांच्याकडे बघून कानांवर हात ठेवायचा आणि हसायचा. त्याला तो खेळ वाटायचा. कालपर्यंत तो बघून सगळे हसले असते. आता अपूर्वा त्याच्या पुढ्यात आली, बोट वर करून कंदील दाखवला. त्याने बघितलं. लाल प्रकाश त्याच्या गालावर, कपाळावर. त्याच्या तोंडाचा हा एवढा आ! आणि मला वाटलं, हा काही कमी बघत नाही रे बाबा. आपल्यापेक्षा जास्तच बघतो.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मशीन आलं. परळच्या एका दवाखान्यात मॅडमनी त्याच्या दोन्ही कानांमागे ती इवलीशी मशीनं बसवली आणि चालू केली. तो दचकला, रडला, आईच्या पदरात घुसला. बाहेर फुटपाथवर अनुजाने त्याला खाली ठेवलं.

आता श्वास घ्या, मित्रांनो. मी पण घेतो.

त्याने उजवा पाय टाकला. पीं.

तो थांबला.

डावा टाकला. काही नाही. परत उजवा. पीं! त्याने खाली बघितलं. डावा. काही नाही. उजवा. पीं! आणि तो भर फुटपाथवर बसला, मला दोन्ही हातांनी धरून ओढून काढलं आणि माझं बदक त्याच्या नाकाला टेकवलं. दाबलं. पीं! परत दाबलं. लोक बाजूने जात होते, कुणी वैतागलं, कुणी "काय ताई, रस्त्यात?" म्हणालं. अनुजा तिथेच त्याच्याजवळ बसली होती. तो मला दाबायचा, तिच्याकडे बघायचा, म्हणजे तुला पण येतोय ना आवाज? आणि ती मान हलवायची, हो रे, हो, हो.

मी आयुष्यभर ओरडलो, पण मला कुणी असं ऐकलं नव्हतं.

आणि मग बसचा हॉर्न वाजला. संपलं! त्याने किंचाळून दोन्ही मशीनं उपटली आणि फेकली.

त्यानंतर तो ती लावूच देईना. लावली की काढ, लावली की काढ. कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, मालनकाकूंची सिरियल, सगळ्याची भीती. अनुजा रडकुंडीला आली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज लावायलाच हवं, नाहीतर बोलणं येणार कुठून? स्वप्नील चिडून म्हणाला, "बांधून ठेवू का आता कानाला?"

दगडूआजोबा खाटेवरून उठले. कपाटातून एक डबी काढली. आत एक मशीन होतं. कधीकाळी पोराने हौसेने करून आणलं होतं. आजोबांनी एकदा लावलं आणि "माका नको ता, लोक बघतत" म्हणून ठेवून दिलं ते दिलंच. त्यांनी ते अनुजाच्या हातात ठेवलं. तिने नवीन सेल आणून घातला. आजोबा शार्दूलसमोर जमिनीवर बसले, त्याला दिसेल असं हळूहळू मशीन कानाला लावलं आणि बोट दाखवून म्हणाले, "बघ झिला, माकाय आसा!"

शार्दूलने त्यांच्या कानाला हात लावला. मग स्वतःच्या. मग आपणहून आईकडे गेला आणि मान तिरकी करून उभा राहिला. तिने मशीन लावलं. त्याने काढलं नाही.

मग तो चालत आजोबांकडे निघाला. पीं. पीं. पीं.

आजोबांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खाली, माझ्याकडे. आधी अपूर्वाच्या पायात मी त्यांच्या दारावरून किती धावलो होतो, मग घरातच नातवाच्या पायात आलो. त्यांचे डोळे केवढे मोठे झाले!

"अगो अनुजा," ते म्हणाले, "हे बूट वाजतत?"

अनुजा हसली हो! दाराला धरून, पोट धरून हसली. गॅलरीतून मालनकाकू ओरडल्या, "वाजतात? अहो, वाजतात कसले, कान खातात मेले!" आणि आजोबांनी तेही ऐकलं.

तर मित्रांनो, शार्दूलचा अंगठा आता माझ्या पुढच्या टोकाला टेकायला लागलाय. तो अजून आई म्हणत नाही. पण परवापासून एक आवाज काढतो, बारीक, नाकातून. पीं. अनुजा म्हणते, हा शब्दच आहे, आणि मी तिच्या बाजूने आहे. थोड्या दिवसांनी मी त्याला होणार नाही. तेव्हा मला माळ्यावर टाकू नका, कुणाच्या तरी पायात घाला. आणि तुमच्या घरात छोटं बाळ असेल ना, तर आज एक करा. त्याच्या मागे उभे राहा आणि हाक मारा. टाळी नको, पाय आपटायचा नाही. नुसती हाक. बाळ वळलं तर त्याचा मुका घ्या. नाही वळलं, तर "होईल हळूहळू" म्हणू नका, त्याला घेऊन निघा. थांबा थांबा, शार्दूल उठला वाटतं! निघालो मी!