पडद्यामागचा कंट्रोलर

कंट्रोलरमध्ये नवे सेल घालून ताई पडद्यामागच्या स्टुलावर बसली. फटीतून तिला स्टेज दिसत होतं. सोफ्यावर तिचा धाकटा भाऊ होता. त्याच्या हातातही कंट्रोलर होता, पण तो कशालाच जोडलेला नव्हता. त्याच्या शेजारी व्हिडिओ गेम काढणाऱ्या कंपनीच्या जाहिरात विभागाचा साहेब. ऑफिसात पाठीमागे सगळे त्याला गोडबोल्या म्हणत.

"डोळ्यांची गरजच नाही! संपूर्ण खेळ फक्त कानांनी खेळा!" गोडबोल्या माइकवर म्हणाला.

हेच खोक्यावरही छापलं होतं, आणि ते धादांत खोटं होतं. ताई त्याच कंपनीत खेळ तपासायची. पहिल्याच पुलाच्या टोकाला खड्डा होता आणि तो कुठे आहे हे सांगणारा आवाज खेळात घातलेलाच नव्हता. तिने तसं लेखी कळवलं होतं.

"जाहिरातीपुरतं सांभाळून घे गं. बाजारात येईपर्यंत करूच की!" गोडबोल्या म्हणाला होता.

आणि तिने, मूर्खासारखं, सांभाळून घेतलं. जन्मापासून आंधळा असलेला तिचा भाऊ कॅमेऱ्यासमोर बटणं दाबत राहिला आणि ती आडून खेळली. पूल पार झाला तेव्हा तो आनंदाने ओरडला होता, "ताई, जमलं मला!"

त्याच्या शब्दावर अंधशाळेतल्या अकरा मित्रांनी खेळ घेतला. अकराही जण खड्ड्यात पडत राहिले.

"आपल्याच माणसांना टोपी घातलीस ना रे?" त्यातल्या एकाने फोनवर विचारलं.

त्या दिवशी ताईने भावाला सगळं खरं सांगून टाकलं. तेव्हापासून तीन आठवडे तो तिच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. तक्रारी वाढल्या, म्हणून गोडबोल्याने लोकांसमोर खेळून दाखवायचा हा घाट घातला, तेव्हा मात्र भाऊ लगेच हो म्हणाला. का, ते तिला कळेना.

"साहेब," आता भाऊ माइकवर म्हणाला, "मी खेळलो तर लोक म्हणतील, याला सवय आहे. आज तुम्हीच खेळा ना. डोळे बांधून."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत ते अकरा जण बसले होते. गोडबोल्याने पडद्याकडे एक नजर टाकली आणि तो हसला.

"का नाही? द्या इकडे!"

त्याने रुमाल बांधला आणि मजेत बटणं दाबू लागला. ताईने खेळातल्या माणसाला नीट चालवत पुलाच्या टोकाशी नेलं आणि खड्ड्यात ढकललं. किंकाळी घुमली. तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याला परत नेलं. भोग लेका! पाचव्यांदा गोडबोल्याच्या कपाळाला घाम फुटला. कंट्रोलर बंद आहे म्हणायचीही सोय नव्हती. आठव्यांदा त्याने रुमाल ओढून काढला आणि दातओठ खात पडद्याकडे पाहिलं. ती थांबली नाही. अकरा वेळा पाडल्यावरच थांबली. देणं फिटलं एकदाचं, तिने सुस्कारा सोडला.

"पुरे, साहेब," भाऊ म्हणाला. "तुमच्या हातातला कंट्रोलर जोडलेलाच नाही. माझाही कधी जोडलेला नव्हता. खेळणारं माणूस पडद्यामागे बसलंय."

इतका वेळ पडद्यामागून येणारी बटणांची टकटक त्याने ऐकली होती; त्याने अगदी बरोबर तिच्या दिशेने मान वळवली.

"ताई, तूही बाहेर ये."

तीन आठवड्यांत त्याने तिला पहिल्यांदाच हाक मारली होती. ती उठली आणि कंट्रोलर हातात तसाच घेऊन पडद्याबाहेर आली.