मॉरिसची पुढची काच

सारडा सर्कलमागच्या गल्लीत हनीफ गाड्यांच्या काचा बसवायचा. नव्या गाड्या कुठल्याही दुकानात जात, पण नाशकातल्या हौसेने सांभाळलेल्या जुन्या गाड्या त्याच्याकडेच येत. गंगापूर रोडला रोपवाटिका चालवणाऱ्या दत्तू बोरस्त्यांची अठ्ठावन्न सालची मॉरिस त्यातलीच. तिची पुढची काच सत्त्याण्णव साली त्यानेच नव्या रबरात बसवली होती.

२००१च्या दिवाळीनंतर बोरस्ते मायलेक येवल्याहून त्याच गाडीतून परत येत होते. दिवेलागणीची वेळ. विंचूरच्या पुढे कांद्याची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे दिवा नाही. दत्तूंचा मुलगा अमित गाडी चालवत होता, आई चिमणाबाई शेजारी. धडक बसली तशी काच चौकटीतून सुटून शेतात जाऊन पडली, आणि तिच्या मागोमाग चिमणाबाई. काच अख्खी सापडली. बाई जागीच गेल्या.

पत्र्याचं काम उरकून गाडी हनीफच्या दारात आली तेव्हा उन्हाळा लागला होता. दत्तूभाऊ एकटेच आले. काच गोधडीत गुंडाळून आणली होती. गोधडी सोडली नाही, ती भिंतीला टेकवून बाकावर बसले.

"पोरगं जेवत नाही, हनीफभाई," ते म्हणाले. "सिन्नरची नोकरी सोडली. आई दोनदा म्हणाली होती, हळू चालव. तेच धरून बसलाय. मी मारलं, मी मारलं. परवा विहिरीवरून हाताला धरून आणला त्याला."

हनीफने चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

"तुम्ही त्याला एक सांगा. काच नीट चिकटवली नव्हती म्हणा. नव्या गाड्यांना लावतात तो पक्का माल लावला असता, तर काच निघाली नसती, आई आतच राहिली असती. एवढंच सांगा."

"दत्तूभाऊ, जुन्या गाडीला तो पीयूचा गोंद चालत नाही," हनीफ हळूच म्हणाला. "तो वाळून दगड होतो. जुना सांगाडा खड्ड्यात पिळवटतो, काचेला हलायला जागा लागते. म्हणून रबर, आणि रबरात कधी न वाळणारा मऊ सीलंट. तिथं दुसरं काही लावायचंच नसतं."

"मला ठाऊक आहे. तुमची चूक असती तर भांडायला आलो असतो. नाही, म्हणून मागायला आलोय."

घरी हनीफने ही गोष्ट बायकोला, खुर्शीदाला सांगितली. ती भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

"तुम्ही हो म्हटलात, की उद्या सगळं नाशिक म्हणेल, हनीफच्या हाताने बाई गेली. आपल्या लेकीला, आफियाला कोण काय बोलेल, याचा विचार केलात?"

"आणि तो पोरगा पुन्हा विहिरीवर गेला तर?"

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मग मला विचारता कशाला," ती म्हणाली.

दत्तूभाऊ अमितला घेऊन आले. पंचविशीचा पोरगा, पण गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून ओघळणारा. गाडीकडे बघायलाच तयार नव्हता. हनीफने त्याला चौकटीजवळ बोलावलं. रबराच्या खाचेत जुना काळा सीलंट अजून मऊ होता, तो बोटाने खरवडून दाखवला.

"हे बघ. इतक्या वर्षांत वाळलाच नाही. काच यानं धरलीच नव्हती. मी पक्का माल लावायला हवा होता, अमित. कामाच्या घाईत लावला नाही. काच राहिली असती तर तुझी आई आत राहिली असती."

अमितने ते बोट पाहिलं. मग हनीफच्या तोंडाकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

पोरगा त्याच्या अंगावर धावून आला. दत्तूभाऊंनी मागून कवेत धरला, तसा तो बापाच्या छातीवर डोकं आपटून रडला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच रडला, असं दत्तूभाऊंनी नंतर निरोपात कळवलं.

एकदा ते बोलल्यावर गाडीला मऊ सीलंट लावणं शक्यच नव्हतं. हनीफने मुंबईहून पीयूची नळकांडी मागवली आणि रबराच्या दोन्ही खाचांत भरली. सारं आयुष्य ज्या कामाला तो गाढवपणा म्हणत आला, ते काम त्याने निगुतीने केलं. अमित हाताची घडी घालून समोर उभा होता. गाडी नेताना हनीफशी एक शब्द बोलला नाही.

अमित सिन्नरला कामावर परत गेला, जेवू लागला. पण रागाच्या भरात त्याने चार ठिकाणी सांगितलं, आणि खुर्शीदा म्हणाली होती तसंच झालं. जुन्या गाड्या एकेक करून दुसरीकडे वळल्या. रस्त्यात दत्तूभाऊ दिसले, की मुलगा सोबत असेल तर मान फिरवत, नसेल तर हात जोडत. हनीफला ते हात जोडणं जास्त जड जाई. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी दुपारी रिकाम्या दुकानात बसला असता त्याला वाटे, मी बोललो ते खरंच असेल तर? घट्ट काचेनं बाई वाचली असती का?

दोन हजार चारच्या थंडीत अमित एकटाच मॉरिस घेऊन आला. काचेला वरच्या कोपऱ्यातून खालपर्यंत तडा गेला होता. मागच्या सीटवर मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली दुसरी काच होती.

"काढा ही," तो म्हणाला.

काच सहज निघेना. रबर, काच आणि पत्रा एकजीव झाले होते. हनीफने तार घालून करवतीसारखी ओढली, अमितने दुसरं टोक धरलं. काच तुकड्यातुकड्यांनी निघाली. काम करता करताच अमित बोलला.

"सिन्नरला आमच्या कारखान्यात काचा पुरवणाऱ्या कंपनीचे साहेब आले होते. त्यांना तडा दाखवला. म्हणाले, या गाडीला हे कुणी लावलं? हिला मऊच लागतं, पहिल्यापासून."

हनीफच्या हातातली तार थांबली.

"म्हणजे तेव्हा बरोबर होतं," अमित म्हणाला. "तुमचं बरोबर होतं. मी ऐंशीवर होतो, चाचा. आई म्हणत होती, हळू."

हनीफने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. अमितने तो झटकला नाही, पण रडलाही नाही.

"बाबांना सांगू नका मला कळलंय ते. त्यांना वाटतंय, मी सुटलो. वाटू दे."

"बरं. मग आता मऊ लावतो."

"नको. बाबा काचेवरून हात फिरवतात, कोपरे दाबून बघतात. मऊ लागलं तर त्यांना कळेल. पक्काच लावा."

"पुन्हा तडा जाईल, अमित. वर्ष-दोन वर्षांत जाईल."

"जाऊ दे. मी पुन्हा आणीन."

हनीफ आत गेला, कपाटातून नळकांडी काढली आणि तिचं टोक कापलं. अमितने नवी काच दोन्ही हातांनी उचलून धरली.