आबांची पैज

वाद घालणं आणि देव न मानणं, या दोन्ही गोष्टी मला वडिलांनी दिल्या. पहिलीवर मी एकोणीस वर्षं धुळ्याच्या कोर्टात पोट भरते. दुसरीबद्दल मला आजवर कधी माघार घ्यावी लागली नाही.

आमचे आबा म्हणजे लीलाधर मास्तर. सोनगीरजवळच्या आमच्या गावात त्यांच्याइतका पक्का नास्तिक दुसरा नव्हता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरात पितरांसाठी पाण्याची घागर पुजतात आणि बाहेर बिनधास्त पत्ते कुटतात. आबा फक्त पत्ते कुटायचे. घागरीसाठी कोणी डावातून उठलं की म्हणायचे, "बस रे! मेल्यावर कोणी कुठे नसतं. लाव पैज!" ही पैज कोणी घेत नसे, आणि आबा मिशीत हसायचे.

यंदा पौषात ते गेले. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "सुलू, माझ्या नावानं घागर ठेवू देऊ नकोस. जन्मभर बोललो, त्याची फजिती होईल. शब्द दे." मी दिला. दिलेला शब्द मोडणारी बाई मी नव्हे.

आखाजीला दुपारी बाराच्या उन्हात गावी पोचले, तर शेजारच्या बेबाबाईनं मला दारातच गाठलं. "तुनी मायनी काल सांजपाइन पानीना घोट लिया नही."

आत माय नवी कोरी घागर समोर घेऊन बसली होती. घागर रिकामी होती.

"त्यासले पाजसू, मंगच मी पेसू," ती म्हणाली. पाणी माझ्याच हातचं हवं होतं. चुलतभाऊ कुंदन तयार होता, पण त्याच्या हातचं पाणी आबांनी जिवंतपणीही घेतलं नसतं. हे मात्र खरं होतं.

भांडताना मी पुस्तकी मराठीवर येते. माय अहिराणी सोडत नाही.

"माय, आबा आता कुठेही नाहीत."

"नही व्हतीन तर पानी झाडले घाल. कोनं काय गयं? पन व्हतीन, आनि त्यासले पानीनी तीस लागेल व्हई तर?"

"हा जुनाच डाव आहे. असले तर फायदा, नसले तर तोटा नाही. या हिशेबानं उद्या भुतालाही नारळ फोडावा लागेल. आणि मी शब्द दिलाय."

"कोनले?"

"आबांना."

"त्या शेतस का?"

"नाहीत."

"ज्या नहीत त्यासनासाठे तू शबद पाळस, आनि मी पानी ठेवं तं मी येडी!"

कोर्टात इतका सरळ युक्तिवाद माझ्यासमोर कोणी केला नव्हता. मायची शाळा तिसरीपर्यंत. मला रागही आला आणि अभिमानही वाटला. खरं सांगायचं तर अभिमान जास्त.

"शब्द मी माझ्यासाठी पाळते," मी म्हणाले.

"पाळ. मंग मी बी मन्हासाठे बिगरपानीनी बसस."

तिचे ओठ सुकून फाटले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. वय बहात्तर, बाहेर वैशाखाचं ऊन. आबांच्या तहानेबद्दल आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत भांडू शकलो असतो, पण मायची तहान माझ्यासमोर बसली होती. एवढं लक्षात यायला मला वकील असून वेळ लागला, याची आजही लाज वाटते.

मी उठून बादली घेतली. तरी जित्याची खोड जाते कुठे! शेवटचा मुद्दा मांडलाच. "आबांची गावात फजिती होईल."

"त्या नहीत, तर फजिती कोनी? आनि शेतस, तर पैज हारनात. हारेल मानूसनी गुपचूप पानी पेवाले जोयजे."

बेबाबाई पदर तोंडाला लावून हसली. मलाही हसू आवरेना. मी घागर भरली, तिच्या तोंडावर खरबूज ठेवलं आणि पितरांचा घास म्हणून चुलीतल्या निखाऱ्यावर पुरणपोळीचा तुकडा तुपासकट टाकला. मायनं हात जोडले. मी जोडले नाहीत.

मग तांब्या भरून तिच्या हातात दिला. ती डोळे मिटून घटाघटा पाणी प्यायली, निम्मं लुगड्यावर सांडलं. मी दुसरा तांब्या भरला.

आबा कुठेही नाहीत, हे मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं. आजही आहे. पण माय पाणी पीत होती आणि माझी नजर घागरीवरून हटत नव्हती. प्रत्येक वादात मी आबांच्या बाजूनं उभी राहिले. त्या दुपारी मात्र मनातल्या मनात त्यांना म्हणाले, आबा, एवढी एक पैज हरा.